एजंटसाठी डॉक्युमेंटेशन वेगळं लिहायचं का? रेंडरिंगवाल्यांनी मत द्या

फ्रेममोड्या:
गेले काही महिने रेंडरिंगची (तयार व्हिडिओ बाहेर काढायची) हमाली एआय एजंटकडे, म्हणजे स्वतःच कमांड चालवणाऱ्या एआयकडे दिलीये. क्लिपा कापणं, साइज बदलणं, सबटायटल बर्न करणं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे सीन रात्री लावून ठेवणं. माझं मत असं झालंय की टूलचं डॉक्युमेंटेशन एजंटला समोर धरून वेगळं लिहायला पाहिजे. परवाचंच सांगतो, एजंटने ब्लेंडरला कमांड दिली त्यात ॲनिमेशन रेंडर करायचा डॅश ए आधी आणि आउटपुट कुठे टाकायचं तो डॅश ओ नंतर. आता ब्लेंडर आर्ग्युमेंट ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने उरकतं, त्यामुळे अख्खं ॲनिमेशन जुन्याच पाथवर रेंडर झालं आणि सगळं संपल्यावर त्याला कळलं की आउटपुट दुसरीकडे टाकायचं होतं. रात्रभर मशीन तापलं आणि सकाळी फोल्डर रिकामं! प्रत्येक टूलसोबत एक छोटी फाइल हवी, क्रम काय, फसतं कुठे, चालणारी कमांड कुठली, बास.

कळफलक:
अरे पण हे मॅन्युअलमध्ये लिहिलंय की, क्रम महत्त्वाचा आहे म्हणून, उदाहरणासकट. एजंटला वाचायला लाव. दोन ठिकाणी लिहिलंस की दोन्ही शिळं होणार. ब्लेंडर ४.२ ला ईव्ही या रेंडर इंजिनचं पायथनमधलं नाव बदलून शेवटी 'नेक्स्ट' लागलं, ५.० ला ते 'नेक्स्ट' परत गेलं. तुझी ती छोटी फाइल कोण बदलत बसणार होतं?

फ्रेममोड्या:
उलट हे माझ्याच बाजूचं झालं ना. एजंटच्या डोक्यात जुनी नवी सगळी नावं एकत्र कालवलेली असतात आणि तो त्यातलं एक ठोकून देतो. फाइलीत वरच्याच ओळीत व्हर्जन आणि इंजिनचं नाव असलं की अंदाजपंचे बंद.

रिकामटेकडा:
माणसांसाठी लिहा म्हणून वर्षानुवर्षं विनवण्या केल्या तेव्हा कोणाला वेळ नव्हता, आता मशीन वाचणार म्हटल्यावर सगळे हौसेने लिहायला बसलेत 😄

उणेएक:
दोघांचंही चुकतंय असं मला वाटतं. दुखणं टूलमध्ये आहे. एफएफएमपेग हे कमांडने व्हिडिओ बदलायचं टूल घ्या, आउटपुट फाइल आधीच असेल तर तो ओव्हरराइट करू का म्हणून विचारतो आणि उत्तराची वाट बघत बसतो, एजंटला वाटतं रेंडर चालूये. बरं, न विचारता ओव्हरराइट कर असं सांगणारा डॅश वाय लावला की हे सुटतं. पण खरी गंमत पुढे. पीएनजी फ्रेमांचा व्हिडिओ एक्स२६४ या एन्कोडरने बनवलात आणि पिक्सेल फॉरमॅट (रंग कसे साठवायचे ते) सांगितला नाहीत तर तो वाययूव्ही४४४पी उचलतो. एरर नाही, एक्झिट कोड शून्य म्हणजे 'सगळं ठीक', व्हीएलसीवर झकास चालतो आणि क्लायंटच्या क्विकटाइममध्ये उघडतच नाही. एजंट तोवर 'काम पूर्ण झालं' म्हणून मोकळा. कितीही लिहून ठेवा, शेवटी एफएफप्रोबने (एफएफएमपेगसोबतचं फाइलची माहिती दाखवणारं टूल) जेसनमध्ये फाइलची माहिती काढून तपासायची पायरी नसेल तर काही उपयोग नाही.

कळफलक:
हे पटलं. पण यात एजंटपुरतं असं काय आहे? वाययूव्ही४२०पी हा सगळीकडे चालणारा फॉरमॅट लिहायचं विसरून आपणही आपटलोयच. कुठून कापायचं ते सांगणाऱ्या डॅश एसएस चं तसंच, इनपुटच्या आधी टाकला आणि सोबत कोडेक कॉपी (पुन्हा एन्कोड न करता व्हिडिओ तसाच उचलणं) असेल तर कट आधीच्या कीफ्रेमवर, म्हणजे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर जातो, दोनेक सेकंद आधीचा भाग क्लिपमध्ये येतो आणि नवा माणूस डोकं खाजवत बसतो. नीट लिहिलेलं डॉक्युमेंटेशन दोघांनाही पुरतं.

फ्रेममोड्या:
नाही पुरत. तू ती क्लिप प्ले केलीस म्हणून तुला जादाचा भाग दिसला, एजंट बहुतेक वेळा क्लिप बघतच नाही, त्याला फक्त लॉग दिसतो. माणसाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'उजवीकडच्या पॅनलमध्ये टिक करा' आणि खाली स्क्रीनशॉट, त्याचं त्याने काय करायचं? आणि एफएफएमपेगची पूर्ण हेल्प एकदा त्याच्यापुढे ओतून बघ, त्या ढिगाऱ्यात मूळ काम काय होतं तेच विसरतो. म्हणून थोडकं हवं, आणि 'बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं' हे हवं. माणसाला ते कोणी लिहून देत नाही कारण त्याला डोळे आहेत.

उणेएक:
म्हणजे तपासणीवर आलास शेवटी. तुझी फाइल तरी टाक इथे, नुसतं तत्त्वज्ञान किती वेळ.

फ्रेममोड्या:
घे, वेब एक्सपोर्टचा भाग:
१. आउटपुट कायम नव्या फोल्डरमध्ये, सोर्सला हात लावायचा नाही.
२. पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, न विचारता.
३. स्केल करताना रुंदी १२८०, उंची -१ (प्रमाणानुसार आपोआप).
४. झाल्यावर एफएफप्रोबने कालावधी सोर्सशी ताडून बघ, फरक एका फ्रेमपेक्षा जास्त असेल तर थांब आणि सांग.
५. पहिली, मधली, शेवटची फ्रेम पीएनजी काढून ठेव, मी बघतो.

उणेएक:
चौथी आणि पाचवी झकास. तिसरी चुकलीये, तिथे -२ हवं, म्हणजे उंची समच येते. -१ ने उंची विषम आली की दुसऱ्या ओळीतल्या वाययूव्ही४२०पी ला एक्स२६४ नकार देतो, उंचीला २ ने भाग जात नाही म्हणून. आजवर एरर कशी नाही आली तुला?

फ्रेममोड्या:
सगळे सोर्स १६:९ होते रे, ७२०च यायची. बदलतो.

कळफलक:
शिळी होणार म्हटलं होतं, ही तर ताजी असतानाच चुकलेली निघाली 😂