मुलांनी पुठ्ठ्याचे घोडे केले, त्यात शिगम्याचं काय बिघडलं?

फोंड्याची आई

शिगमो, म्हणजे आमचा गोव्यातला होळीचा सण, तोंडावर आलाय, म्हणून विषय आत्ताच काढते. गेल्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी आमच्या कॉलनीतल्या 14 मुलांना मी खाली पार्किंगमध्ये गोळा केलं. सामान म्हणजे टीव्हीच्या खोक्यांचा पुठ्ठा, जुन्या साड्या, सुतळी आणि भावाने गावाहून आणून दिलेल्या पोफळीच्या विऱ्या, म्हणजे झावळीच्या बुडाचे रुंद, चिवट पापुद्रे. दुपारपर्यंत नऊ घोडे तयार झाले. तोंड विरीचं, आयाळ नारळाच्या सोडणाची, पाठीवर झूल म्हणून कुणाच्या तरी आजीच्या नऊवारीचा काठ. शिगम्यातल्या घोडेमोडणीत माणसं घोडा कमरेला बांधून नाचतात, तसे मुलांनी ते कमरेला बांधले, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार म्हणून लाकडी पट्टी, आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांवर ताशाचा ठेका धरून पार्किंगभर नाचली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे एक काका खाली आले. रागावले नव्हते, दुखावले होते. म्हणाले, "घोडेमोडणी म्हणजे देवाच्या मांडावरचा खेळ. तो तुम्ही गाड्यांच्या मधोमध नाचवलात." मांड म्हणजे गावातली अशा खेळांची ठरलेली, पवित्र मानलेली जागा. त्यांचं ते बोलणं कॉलनीत फिरलं आणि यंदा पुन्हा करूया म्हटलं तर निम्म्या आया कचरतायत.

मी डिचोलीच्या बाजूची. शिगम्याच्या आधी बाबा ताशाचं कातडं विस्तवावर धरून तापवायचे आणि आम्हाला शेजारी बसवायचे. कातडं किती तापलं ते बोटाने टिचकी मारून आवाजावरून ओळखायचं, हे मला सातव्या वर्षी कळत होतं. माझ्या मुलाचा शिगमो कसला, तर फोंड्याच्या मिरवणुकीत बॅरिकेडच्या अलीकडे बाबाच्या खांद्यावर बसायचं, चित्ररथ यायला उशीर झाला की तिथेच झोपून जायचं. त्याने त्या सणातल्या एकाही वस्तूला कधी हात लावलेला नव्हता. त्या रविवारी लावला. सुतळीची गाठ सैल राहिली तर नाचताना घोडा घसरतो, हे त्याला स्वतःला समजलं. मला यात पाप दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सत्तरीकर

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी त्या काकांच्या बाजूचा.

आमच्या गावात घोडे देवळात ठेवलेले असतात. बांबूचा सांगाडा, लाकडाचं तोंड. वर्षभर त्यांना कुणी हात लावत नाही. बाहेर काढायचे त्या दिवशी आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. कुणाच्या कमरेला बांधायचे ती घराणी ठरलेली, त्या दिवसांत त्यांना मासळी वर्ज्य, पायात वहाण नाही. मग ढोल, ताशे, कांसाळी सुरू होतात आणि घोडे काही पावलं पुढे जातात, तेवढीच मागे येतात. सत्तरीत घोडेमोडणी ही राणे घराण्याच्या लढायांची आठवण मानतात. माझ्या आजोबांचा हात धरून मी मांडाच्या कडेला उभा राहायचो तेव्हा अंगावर काटा यायचा, आणि तो पोशाखामुळे यायचा नाही. कालपर्यंत आमच्या शेतात राबणारा माणूस आज बोलत नाही, ओळख देत नाही, त्याच्यात काहीतरी आलंय, हे दिसायचं म्हणून यायचा.

तुमच्या मुलाला हे दिसण्याच्या आधीच त्याच्या कमरेला पुठ्ठ्याचा घोडा आला. आता तो खऱ्या मांडावर येईल तेव्हा म्हणेल, हा तर आम्ही पण केलेला. पर्यटन खात्याच्या मिरवणुकांत आधीच सगळ्याला बक्षिसं लागली आहेत: रोमटामेळाला (ढोल-ताशांसह नाचत जाणाऱ्या मेळाला), लोकनृत्याला, वेशभूषेला, चित्ररथाला. घोडेमोडणीही तिथे परीक्षकांसमोर नाचते. निदान मुलांच्या बाबतीत तरी क्रम उलटा करू नका.

मी पहिली काही वर्षं नुसता बघत होतो. हातात काही नव्हतं. ते बघणंच माझं शिकणं होतं.

म्हापशाची शिक्षिका

मी प्राथमिक शाळेत आहे. सत्तरीकरांशी मी सहमत नाही, पण "मुलांनी हाताने केलं" या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही, तेही सांगते.

पाडव्याआधी आमच्याकडे गुढी करून आणायला सांगतात. गेल्या वर्षी माझ्या वर्गात 31 गुढ्या आल्या. आइस्क्रीमच्या काड्या, चमकीचा कागद, वर कागदी कप उलटा. त्यातल्या पाच-सहा मुलांनी केलेल्या, बाकीच्या आयांनी रात्री अकराला ग्लू गनने चिकटवलेल्या. ते माझ्या लगेच लक्षात येतं, कारण मुलाने केलेली गुढी वाकडी असते आणि ते मूल ती कुणाच्या हातात देत नाही. तीन गुढ्या तर ऑनलाइन मागवलेल्या किटच्या होत्या, प्लॅस्टिकच्या कडुनिंबासकट. खरा कडुनिंब शाळेच्या कुंपणाला लागून उभा आहे हो!

त्यात मार्च म्हणजे परीक्षेचे दिवस. आई नोकरी करते, घरी येते, आणि वर हा प्रकल्प. ज्या घरात हे झेपत नाही तिथलं मूल रिकाम्या हाताने येतं आणि मागच्या बाकावर बसतं. एका मुलाने मला सांगितलं, "टीचर, आमच्या घरी खरी गुढी असते, ती मी धरतो." बांबू धरून उभं राहणं, तांब्या नीट बसला का ते बघणं, गाठीची माळ बांधणं. त्याने खरं काम केलं होतं, आणि हस्तकलेच्या तक्त्यावर त्याच्या नावापुढे शून्य होतं. ते शून्य मी खोडलं, पण मला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून फोंड्याच्या ताईंना विनंती: करा, पण नंबर काढू नका, फोटोंची स्पर्धा लावू नका, आणि आयांना कात्री हातात घेऊ देऊ नका.

वास्कोची कोल्हापूरकर

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, नवऱ्याच्या नोकरीमुळे वास्कोत. इथे आमचा मांड नाही, ग्रामदेव नाही, ठरलेलं घराणं नाही. सत्तरीकर दादांचं वाचून एक प्रश्न पडला. ज्यांच्या आजोबांचा हात मांडापर्यंत पोहोचत नाही, त्या मुलांनी काय करायचं?

मी रंग करते. पळस फुललेला असतोच. खाली पडलेली फुलं गोळा करून रात्रभर पाण्यात घालायची, सकाळी केशरी पिवळं पाणी मिळतं. हळदीत खायच्या चुन्याचं चिमूटभर पाणी टाकलं की हळद लाल होते, तेव्हा माझी पाच वर्षांची मुलगी दर वेळी ओरडते. चुना मीच हाताळते, मुलांना देत नाही, हात भाजतात. पाडव्याच्या गुढीला गाठीबरोबर फुलांची माळ मुलगी ओवते. एवढाच आमचा सण, पण तो तिला तोंडपाठ आहे.

घुमटवाला

सत्तरीकर, मी तुमचा मान राखून बोलतो. परंपरेतली वस्तू बदलली की तिच्यातला देव जातो, हे मला पटत नाही. आमच्या घुमट या वाद्याचं बघा. मातीच्या भांड्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं असायचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलं आणि पुढे आम्हाला बकऱ्याच्या कातड्यावर यावं लागलं. जुनी माणसं म्हणाली, आता घुमट मेलं. आवाज वेगळा पडला हे खरं, पहिली वर्षं मलाही तो टोचायचा. पण हात त्याला सरावले, आणि 2019 साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मी मुलांना शिकवतो तेव्हा पहिले दोन महिने हातात घुमट देतच नाही, प्लॅस्टिकची बादली देतो. ठेका बसला की घुमट. ती बादली म्हणजे अपमान कुणी मानत नाही.

सत्तरीकर

घुमटवाले बाब, तुमच्या उदाहरणात कातडं बदललं, वाजवायची जागा आणि वाजवणारा बदलला नाही. आणि बादलीला तुम्ही बादलीच म्हणता, घुमट म्हणत नाही. माझं दुखणं नेमकं तिथेच आहे.

वास्कोच्या वहिनी, तुमचं वाचलं. तुम्ही जे करता त्यात मला काहीच खटकत नाही. पळसाला, हळदीला कुणाचा मांड लागत नाही.

केप्याची लेक

सत्तरीकर दादा, एक विचारते, सरळ उत्तर द्या. तुम्ही काही वर्षं मांडाच्या कडेला उभे राहून बघत होतात, मग तुमची पाळी आली. तुमच्या शेजारी तेवढीच वर्षं उभी राहून बघणाऱ्या तुमच्या बहिणीच्या कमरेला घोडा कधी बांधला?

मी लहानपणी मेळामागून धावायचे. "ओस्सय, ओस्सय" सगळ्यांत मोठ्याने मी ओरडायचे. ढोलाला हात लावला तर काकाने हात बाजूला केला. मारलं नाही, ओरडलाही नाही, माशी झटकावी तसा बाजूला केला. ते मी विसरलेले नाही. फोंड्याच्या ताईंच्या पार्किंगमध्ये त्या नऊ घोड्यांतले किती मुलींच्या कमरेला होते, हे मला जाणून घ्यायचंय.

सत्तरीकर

नाही बांधला. खोटं सांगणार नाही. तिने कधी मागितला नाही असं म्हणणार होतो, पण मागायची सोयच नव्हती हेही मला कळतं. बायकांची फुगडी आहे, पौषातला धालो हा नाच-गाण्यांचा खेळ तर पूर्ण त्यांचाच, तिथल्या मांडावर पुरुषाला जागा नाही. पण त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

केप्याची लेक

धालो आमचाच आणि तो मला प्रिय आहे. पण माझे पाय ताशावर नाचायला मागत होते.

पेडण्याची आजी

तुम्ही पोरं हस्तकला, हस्तकला म्हणता, आमच्या वेळी तो शब्दच नव्हता. शिगमो आला की अंगण सारवायचं, ते आम्ही मुलींनी. नारळाच्या हिरांच्या वाढवणी, म्हणजे केरसुण्या, बांधायच्या. होळीसाठी आंब्याचं किंवा पोफळीचं झाड वाजत-गाजत आणायचे, त्याला बांधायचे आंब्याचे टाळे मुलं आणायची. पाडव्याला कडुनिंबाचा कोवळा पाला गूळ घालून मी वाटायची, तोंड वाकडं करत. मुलांसाठी म्हणून वेगळं काही नव्हतं. कामच इतकं असायचं की मूल आपोआप त्यात ओढलं जायचं. आता घरात मुलाला करायला काम उरलं नाही म्हणून तुम्हाला पुठ्ठे आणावे लागतात. या बाईचं चुकलं असं मला वाटत नाही, पण आधी मुलाला घरातल्या सणाचं खरं काम द्या. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करताना बाजूला बसवा, कडा दुमडायला द्या. फुटल्या तर फुटू दे.

कुंकळ्ळीचा बापूस

घोडाच का? आमच्याकडे छत्रोत्सव असतो, फातर्प्याहून शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण गावात येते, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, 12 छत्र्या, गुलाल. माझी दोन्ही मुलं घरी कागदाच्या छत्र्या करतात, मुलगा पण, मुलगी पण. त्या दिवशी आमच्या वांगडाची छत्री दिसली की दोघंही तिच्यामागे धावतात. घरी छत्री केली म्हणून खऱ्या छत्रीचा मान त्यांच्या लेखी कमी झालेला मी पाहिला नाही. उलट काठी किती जड असेल, कापड कुठे शिवलंय, हे ती माझ्यापेक्षा बारीक बघतात.

फोंड्याची आई

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

केप्याची लेक, नऊपैकी पाच. आणि सगळ्यांत शेवटी घोडा सोडायला तयार नव्हती ती एक मुलगीच, जेवायलाही तो बांधूनच बसली. तुझं वाचून ठरवलं, कुणी काहीही म्हटलं तरी यंदा मुली आणि मुलं एकाच रांगेत.

म्हापशाच्या बाई, नंबर नाही, बक्षीस नाही. कात्रीचं मात्र मला लागलं. गेल्या वर्षी तीन घोड्यांचे कान मीच कापले होते, सरळ यावेत म्हणून. यंदा वाकडे राहतील.

सत्तरीकर दादा, तुमच्या एका मुद्द्यावर मी हरले. बादलीला बादली म्हणायचं. आम्ही कॉलनीच्या ग्रुपवर "बालघोडेमोडणी" असं लिहिलं होतं, ते चुकलं. काकांना तेच लागलं असणार, मी त्यांना जाऊन सांगते. यंदा "विरीचे घोडे" एवढंच म्हणू. पण आधी बघा आणि मग करा, हे मला अजून पटलेलं नाही. माझा मुलगा गेल्या वर्षीच्या रविवारनंतर मिरवणुकीत पहिल्यांदाच जागा राहिला. घोडे आले तेव्हा माझ्या कानात म्हणाला, "आई, त्यांनी गाठ मागे बांधलीय." नुसतं बघत होता तोवर त्याला ती गाठ कधीच दिसली नव्हती.

तुमच्या गावात मुलांना घेऊन आलो तर चालेल का? कडेला उभी राहतील, घोडे आणणार नाहीत.

सत्तरीकर

या. चपला मांडाच्या बाहेर, मोबाइल खिशात. घोडे देवळातून बाहेर काढतात तेव्हापासून या, नुसता नाच बघायला येऊ नका. रात्र होईल, मुलांना दुपारी झोपवून आणा.

माझं मत अजून तेच आहे. बहिणीशी मात्र काल फोनवर बोललो, या धाग्यामुळेच. ती बराच वेळ गप्प होती.

आणि विरी तुम्ही कोरडी वापरलीत असं दिसतं. तशी ती दुमडताना उभी चिरते. आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी मऊ झाली की तोंडाचा आकार द्या आणि सुकेपर्यंत सुतळीने आवळून ठेवा. सावलीत सुकवा.