खेळ आवडला, गोष्ट पटली नाही : सोलापूरकरांचा अनुभव धागा

धागाकर्ता, रेल्वे लाईन्स

२००५ च्या सुमारास सात रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत मी 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' खेळत असे. २००२ साली आलेल्या या खेळाची गोष्ट १९८६ मधल्या, मायामीच्या धर्तीवर रचलेल्या एका काल्पनिक शहरात घडते आणि तिचा नायक तुरुंगातून सुटून आलेला, माणसे मारायला न कचरणारा गुन्हेगार आहे. हा माणूस मला तेव्हाही आवडला नव्हता आणि आज चाळिशी जवळ आली तरी आवडत नाही. त्याची भाषा, बायकांकडे पाहण्याची त्या साऱ्या गोष्टीची नजर आणि खून पाडत पाडत वर चढणे हीच जणू कर्तबगारी, हे मला कधीही पटले नाही.

तरीही तासाचे पैसे भरून मी रोज तिथे जात होतो, कारण त्या शहरात रुग्णवाहिका चालवता येत असे. पहिल्या फेरीत एक रुग्ण, दुसरीत दोन, असे करत बाराव्या फेरीत बारा. म्हणजे एकूण ७८ माणसे ठरलेल्या वेळात दवाखान्यात पोहोचवायची आणि गाडीत एका वेळी जागा मात्र तिघांनाच. आधी कोणाला उचलायचे, कोणत्या गल्लीतून निघायचे, ब्रेक कुठे दाबायचा, याचा हिशेब अंगात इतका मुरला होता की घरी जेवताना माझे बोट ताटाच्या कडेवर वळणे घेत असे. ते ७८ रुग्ण मी एकदाचे पोहोचवले. त्या गुन्हेगाराची गोष्ट अर्ध्यात सोडली ती सोडलीच.

गोष्ट म्हणजे खेळावर घातलेला नुसता कपडा आहे, अशी समजूत मी बरीच वर्षे करून घेतली होती. आता ती मला अपुरी वाटते. एका रुग्णाला वेळेत पोहोचवण्यासाठी मी फुटपाथवरून गाडी घालत असे. तिथे चाकाखाली आलेली माणसे त्या ७८ च्या हिशेबात कुठेच धरली जात नव्हती आणि मीही ती कधी धरली नाहीत. ज्या गोष्टीपासून मी स्वतःला वेगळा समजत होतो, तिचीच सवय माझ्या हाताला लागलेली होती.

म्हणून हा धागा काढत आहे. आपल्याला आवडलेल्या खेळाचे नाव सांगावे, त्याच्या गोष्टीतले किंवा जगातले नेमके काय पटले नाही ते लिहावे आणि त्या भागाचे आपण पुढे काय केले, म्हणजे तो वगळला, सोसला, बदलून घेतला की खेळच सोडला, हेही सांगावे. 'शेवटी खेळच तर आहे' एवढे एकच वाक्य लिहून कोणी थांबू नये, ही विनंती.

गिरणी कामगाराची नात, दमाणी नगर

माझा खेळ 'अ‍ॅनो १८००'. २०१९ साली आलेला हा शहर वसवण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकातल्या औद्योगिक क्रांतीच्या काळात घडतो. आधी शेतकरी येतात, मग कामगार, मग कारागीर, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसांच्या गरजा वाढत जातात. मेंढ्यांच्या लोकरीतून कामाचे कपडे होतात तिथवर सोपे असते; पण कारागिरांना फरचे कोट लागतात, कोटासाठी सुती कापड लागते आणि कापूस तर आपल्या बेटावर पिकत नाही. मग दूरच्या 'नव्या जगा'त जाऊन कापसाचे मळे करायचे, तिथेच कापड विणून घ्यायचे आणि जहाजे भरून इकडे आणायचे. किती मळ्यांना किती गिरण्या पुरतात, जहाज एका खेपेला किती माल आणते, गोदाम कधी रिकामे पडते, हे सगळे जुळून आले की मनाला जे समाधान मिळते ते मला दुसऱ्या कोणत्याही खेळात मिळालेले नाही.

पटत नाही ते याच जुळण्यात आहे. समुद्रापलीकडची बेटे जणू आपल्यासाठीच रिकामी ठेवलेली असतात आणि तिथला माणूस म्हणजे पडद्याच्या वरच्या पट्टीतला एक आकडा असतो. ज्या शहरात १९३० साली मार्शल लॉ लागला, ज्या शहराचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फासावर गेले, त्या शहरातली मी मुलगी आहे. चार पुतळ्यांवरून माझे रोजचे जाणे-येणे आहे. वसाहतवाल्याच्या खुर्चीत बसून कापसाचा हिशेब करताना मला ते विसरता येत नाही, आणि विसरता यावे अशी माझी इच्छाही नाही.

या खेळात प्रत्येक कारखान्याला एक सरकपट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की कामगारांकडून जास्त काम करून घेता येते; माल वाढतो, नाराजीही वाढते आणि ती फारच वाढली तर दंगल होते. माझे आजोबा गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे त्यांना आता फार कमी ऐकू येते. मागच्या उन्हाळ्यात दुपारी ते माझ्याशेजारी येऊन बसले, पडद्यावरची धुराडी त्यांनी बराच वेळ पाहिली आणि त्या पट्टीवर बोट ठेवून विचारले, "हे कशाचं?" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले. त्यांनी बोट काढून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे भोंगा उशिरा वाजवायचा." तेव्हापासून माझ्या सगळ्या गिरण्यांची पट्टी मधोमध आहे. कोट कमी पडले तर मी आणखी एक गिरणी बांधते.

डाळिंब बागायतदार, सांगोला

'स्टारड्यू व्हॅली' हा २०१६ सालचा खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवला, याबद्दल मला फार आदर आहे. त्याची गोष्ट मात्र मला पहिल्याच दिवशी टोचली. शहरातल्या नोकरीला विटलेला तरुण आजोबांची पडीक शेती कसायला गावी येतो, बियाण्याच्या १५ दाण्यांवर सुरुवात करतो आणि त्याचे सगळे नीट होते. आमच्याकडची वाट उलटी आहे. माझ्या बरोबरीची निम्मी पोरे पुण्याला निघून गेली आणि त्यातला एकही शेतीला विटून गेलेला नाही. पाण्याला आणि भावाला विटून गेला.

त्या गावात टीव्हीवर उद्याचा पाऊस सांगतात आणि तो पडतोच. एका दिवसात कितीही माल पेटीत टाकला तरी भाव पडत नाही. कावळे पीक खातात, पण बुजगावणे उभे केले की तोही प्रश्न मिटतो. डाळिंबावरचा तेल्या रोग नाही, टँकर नाही, बँक नाही. ज्याला शेती म्हणजे विसावा वाटतो त्याला हे गोड वाटत असेल. मला ते खेळताना आपल्या कष्टातली कष्टाचीच बाजू कोणीतरी पुसून टाकल्यासारखे वाटले.

आणि तरीही तीन वर्षे मी हा खेळ फोनवर खेळतो आहे, ते रात्रीची लाईट येईपर्यंत विहिरीवर बसून. कारण तुषार सिंचन. साधे तुषार आजूबाजूचे ४ चौकोन भिजवते, त्याहून चांगले ८ आणि सर्वांत भारी असते ते २४. कमीत कमी तुषारांत जास्तीत जास्त रान कसे भिजेल, मधे वाट कुठे सोडायची, कोपरा कोरडा राहू नये म्हणून रांग कशी मोडायची, हे कोडे माझे रोजचेच आहे. बागेत मी ठिबकच्या नळ्या आणि ड्रिपर याच डोक्याने लावतो. फरक इतकाच की खेळात विहीर आटत नाही. त्या गावातल्या लोकांशी मी बोलत नाही, सणांना जात नाही, लग्न केलेले नाही. रान भिजवतो आणि फोन बंद करतो.

शिवणकाम करणारी, विडी घरकुल

आमच्या घरी तेलुगू बोलतात, त्यामुळे लिहिण्यात चूक झाली तर समजून घ्यावे. मला भीतीची गोष्ट अजिबात सहन होत नाही. माझा धाकटा भाऊ 'रेसिडेंट ईव्हिल ४' खेळतो. त्यातले गावकरी कुऱ्हाडी घेऊन धावत येतात तेव्हा मी पाठ फिरवून बसते. पण त्या खेळात नायकाची एक पेटी आहे. पेटीच्या तळाला चौकोन आखलेले असतात आणि बंदुका, गोळ्यांचे डबे, औषधी वनस्पती असे प्रत्येक सामान आपापल्या आकाराइतकेच चौकोन अडवते. सामान आडवे-उभे फिरवून बसवावे लागते, बसले नाही तर टाकून द्यावे लागते.

८० सेंटिमीटरच्या पिसात जाड बाईचे ब्लाउज बसवायचे असते तेव्हा मी बाह्या अशाच फिरवून फिरवून पाहते. आता आमची वाटणी ठरलेली आहे : लढाई भाऊ करतो आणि नवे सामान मिळाले की कंट्रोलर माझ्या हातात येतो. शेवटी काय झाले, नायक जिला सोडवायला आलेला असतो ती मुलगी घरी पोहोचली का, हे मी त्याला अजून विचारलेले नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

बंदुकीचा खेळ मला आवडत नाही; २०२१ मध्ये आलेल्या 'बीजीएमआय'मध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) रक्त हिरवे केले म्हणून तो कमी बंदुकीचा होत नाही. तरीही रात्री दहाला मी त्यात असते, कारण दहावीच्या चौघी मैत्रिणी आता चार गावांना आहेत आणि बेटावर उतरून एखाद्या पडक्या घरात लपलो की निवांत बोलता येते. आम्ही बहुतेक वेळा कोणालाही न मारता मरतो.

उर्दू माध्यमात शिकलेला, विजापूर वेस

'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २', साल २००९. एका टीव्हीचा पडदा दुभागून मित्राच्या घरी आम्ही तो खेळत असू आणि त्याच्या हालचालींइतकी सफाई मी आजही क्वचित पाहतो. निशाण धरताच बंदूक ज्या सहजतेने डोळ्यापाशी येते, त्याला तोड नाही. त्यातले एक रणांगण कराचीचे आहे. पहिल्याच दिवशी मी तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचू लागलो आणि थबकलो, कारण पाट्या अरबीत होत्या. ट, ड, ग, प, च या ध्वनींसाठी उर्दूत वेगळी अक्षरे आहेत. लहानपणी मौलवीसाहेबांनी छडी घेऊन ती गिरवून घेतली होती. दीड-दोन कोटी माणसांच्या शहराची भाषा कोणती, एवढेही ज्यांनी विचारले नाही, त्यांच्या गोष्टीत आमच्यासारख्या नावाचा माणूस बंदुकीच्या कोणत्या टोकाला उभा असणार, हे मला तिथेच कळले.

या खेळाच्या कथेत विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांना गोळ्या घालण्याचा एक प्रसंग आहे. तो वगळायचा का, असे खेळ आधीच विचारतो आणि वगळल्याबद्दल काही कापूनही घेत नाही. मी तो वगळला. पाट्या वगळण्याची सोय मात्र नव्हती. मित्राला मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी त्यानेच कराची सोडून दुसरे रणांगण निवडले. त्याने माझा चेहरा वाचला असावा.

दाखल्यांच्या खिडकीवर काम करणारा, शहराचे नाव पुरे

'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोप यांचा २०१३ सालचा खेळ. आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक, धाकदपटशाच्या देशात १९८२ साली तुम्ही सीमेवरच्या चौकीत बसता, एकेकाची कागदपत्रे तपासता आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारता. जितकी माणसे तपासाल तितके पैसे मिळतात, आणि त्यातच घरभाडे, जेवण, शेकोटी व औषध भागवायचे असते. दिवसातल्या दोन चुका माफ असतात, तिसरीपासून दंड बसतो.

दिवसभर आधार, शिधापत्रिका आणि तलाठ्याचा दाखला यांतली नावे जुळवून घरी आलेल्या माणसाला हा खेळ आवडावा, याचे माझ्या बायकोला नवल वाटते. पण मला कागद तपासण्याचे काम मनापासून आवडते. मुदत, फोटो, गावाचे नाव, स्पेलिंग यांवरून नजर फिरवताना कुठेतरी खटकते आणि बोट आपोआप त्या जागी जाते, तो क्षण मला खेळातही मिळतो आणि खिडकीवरही.

न पटणारे आहे ते त्या चौकीचे जग. सुरुवातीलाच एक नवरा येतो, त्याचे कागद चोख असतात. मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा मायेने वागा, असे सांगून तो पुढे जातो. तिच्याकडे परवाना नसतो. पहिल्या खेपेला मी लाल शिक्का मारला, कारण नियम तसा होता आणि हात तयार होता. त्या आठवड्यात खिडकीवर एक म्हातारी आली. तिच्या एका कागदावर आडनाव माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे होते. रोज मी 'दुरुस्ती करून आणा' म्हणून कागद परत देतो. त्या दिवशी उठून बाहेर गेलो, तिला प्रतिज्ञापत्र कुठे मिळते ते दाखवले आणि अर्ज मीच लिहून दिला. खेळातल्या त्या बाईला पुढच्या खेपेला आत सोडले. दंड भरला. त्या देशाचा मला अजूनही तिटकारा आहे, आणि खेळ मी आठवड्यातून दोनदा खेळतो.

धागाकर्ता, रेल्वे लाईन्स

सर्वांचे मनापासून आभार. दमाणी नगरच्या ताईंना एक विचारावेसे वाटते. ती पट्टी आपण कधीच उजवीकडे सरकवली नाही का?

गिरणी कामगाराची नात, दमाणी नगर

एकदा सरकवली होती, आजोबांशी ते बोलणे झाल्यानंतर. तीन जहाजे वाटेत अडकली होती, कोट संपले होते आणि आणखी एक गिरणी बांधायला विटा उरल्या नव्हत्या. रात्रीचा एक वाजला होता. पट्टी टोकापर्यंत नेली, गोदाम भरले आणि मग ती पुन्हा मधोमध आणली. सकाळी चहाच्या वेळी मी आजोबांना ते सांगितले. त्यांना ऐकू गेले नाही असे वाटून मी पुन्हा मोठ्याने सांगू लागले, तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारले, "किती पाळ्या?"