मँचेस्टर मोठं कुणी केलं?

इचलकरंजीकर
कापडाच्या मागांमुळे आमच्या गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतात आणि मी सहा वर्षं खऱ्या मँचेस्टरात राहतोय. इथे मागाचा खडखडाट औषधालाही उरलेला नाही. परवा जेवताना ऑफिसातला एक जण म्हणाला, "शहर बाहेरच्यांनी भरून गेलंय." तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

१८०१ साली इथे ७०-७५ हजार माणसं होती, १८५१ साली ३ लाखांवर. पन्नास वर्षांत एवढा पाळणा कुठल्याच गावात हलत नाही. माणसं आसपासच्या खेड्यांतून आली, आयर्लंडमधून आली. १८५१ मध्ये साधारण दर आठांतला एक आयर्लंडात जन्मलेला होता. पुढे अँकोट्स या गिरण्यांच्या वस्तीत इटालियन आइस्क्रीमवाले आले, चीथम हिलला पूर्व युरोपातले ज्यू. हॅले ऑर्केस्ट्रा १८५८ साली उभा केला तो मूळच्या जर्मन माणसाने. २००४ मध्ये ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) इथे वेगळं करणारे शास्त्रज्ञ गाइम आणि नोव्होसेलोव्ह, दोघेही जन्माने रशियातले. १९३१ च्या ७ लाख ६६ हजारांवरून शहर आटत आटत २००१ पर्यंत ४ लाखांच्या आसपास आलं. पुन्हा बाहेरची माणसं आली आणि २०२१ मध्ये साडेपाच लाखांवर गेलं. बाहेरचे आले की हे शहर वाढतं, नाही आले की आटतं. चूक असेल तर दाखवा.

वऱ्हाडी_बोंड
माणसं मोजलीत, कापूस विसरलात. गिरण्या चालल्या त्या अमेरिकेत गुलामांनी वेचलेल्या कापसावर. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, कापूस थांबला, तेव्हा मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांना आमचा आखूड धाग्याचा माल आठवला. त्या कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरांचा जुगार रंगला, १८६५ ला युद्ध संपताच फुगा फुटला. पुढे खामगाव, अमरावतीला रेल्वेचे फाटे आले ते काही आमच्या पंढरीच्या वारीसाठी नव्हे. आणि १८९६ साली लँकेशायरच्या (मँचेस्टरभोवतालच्या गिरणी-परगण्याच्या) दबावाखाली आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. त्या शहरात कधी पाऊलही न टाकलेल्यांनी ते मोठं केलंय. त्यांना कुठल्या रकान्यात टाकता?

इचलकरंजीकर
मान्य, पण तो दोष गिरणीमालकांचा. कामगारांचंही ऐका. कापूस बंद झाल्याने उपाशी मरत असताना ३१ डिसेंबर १८६२ ला फ्री ट्रेड हॉलमध्ये त्यांची सभा भरली आणि तिने गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. लिंकनचं उत्तर जानेवारी १८६३ चं. त्याचा पुतळा इथे भर शहरात उभा आहे.

साल्फर्डची_सून
भाऊ, पुतळा रोज बघते. पण तुमच्या गणितातली मोठी चूक सांगू का? शहर आटत होतं त्याच १९५० ते ८० च्या काळात वेस्ट इंडीजमधून लोक मॉस साइडला आले आणि पाकिस्तानातून, आपल्याकडून आसपासच्या गिरण्यांत रात्रपाळीला आले. म्हणजे बाहेरचे आले आणि तरी शहर आटलं! गिरण्या गेल्या, गोदीची कामं गेली आणि झोपडवजा वस्त्या पाडून कौन्सिलने (इथल्या नगरपालिकेने) हजारो कुटुंबं शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहतींत हलवली. आकडा त्यामुळे घसरला. कामामागे माणूस जातो, माणसामागे काम नव्हे. ह्यूमला (लिहितात हल्म, म्हणतात ह्यूम) १९७२ मध्ये अर्धचंद्राकार इमारतींची मोठी वसाहत बांधली, ती इतकी वाईट निघाली की वीस-बावीस वर्षांत पाडली. तिथे कुणा परदेशी माणसाचा काय संबंध?

आता तुमच्या त्या सहकाऱ्याबद्दल. तो उद्धट असेल, पण खोटारडा नाही. अँकोट्सच्या जुन्या गिरण्यांत आज उंची फ्लॅट आहेत, डीन्सगेटला २०१ मीटरचा मनोरा आहे. माझ्या शेजारच्या आजींच्या नातीला आईच्या गल्लीत भाड्याचं घर परवडत नाही. तिला ग्राफीन सांगून काय उपयोग?

पार्ल्याचा_पाहुणा
गंमत वाटते. मँचेस्टरात 'बाहेरच्यांनी शहर घडवलं' आणि मुंबईत आलो की 'परप्रांतीयांनी शहर बुडवलं'. गिरणगावही घाटावरून आणि कोकणातून आलेल्यांनीच घडवलं होतं ना? १९८२ च्या संपानंतर तिथे काय उभं राहिलं ते परळला जाऊन बघा. अँकोट्सच आहे, फक्त कालवा नाही.

इचलकरंजीकर
पाहुणे, वर्मावर बोट ठेवलंत. मुंबईबद्दल मी हे असं बोललो नसतो, खरंय.

ताईंचा मुद्दा निम्मा मान्य. पण घरं महागली ती येणाऱ्यांमुळे की न बांधल्यामुळे? १९८० च्या कायद्याने कौन्सिलची घरं भाडेकरूंना सवलतीत विकली गेली, विकली तितकी पुन्हा बांधली नाहीत. मनोऱ्यातला फ्लॅट माझ्यासारखा भाडेकरू बांधत नाही, विकतही नाही.

साल्फर्डची_सून
बांधत नाही, पण भाडं तुम्हीच भरता ना! विकली ती चूकच. तरीही दोन्ही विद्यापीठांत इतके विद्यार्थी घ्यायचे आणि ते राहणार कुठे हे विचारायचं नाही, याला नियोजन म्हणायचं का? गर्दी करणारा दोषी नसेल, पण गर्दी आहे. हे म्हटलं की लगेच वंशद्वेषी ठरवू नका. मी स्वतः साताऱ्याची, एकवीस वर्षांपूर्वी इथे आले. आमच्या वॉर्डात केरळच्या, फिलिपिन्सच्या नर्स नसत्या तर रात्रपाळी चाललीच नसती, हेही मीच सांगते.

नवा_विद्यार्थी
तुमच्या भांडणात मी कुठे बसतो बघा. नाशिकच्या एका एजंटाने 'मँचेस्टरला नोकऱ्याच नोकऱ्या' सांगून पैसे घेतले, नंतर फोन बंद. मास्टर्स झालं. ग्रॅज्युएट व्हिसाची दोन वर्षं, त्यातलं एक गेलं. जुलै २०२५ पासून कुशल कामगारांच्या व्हिसासाठी साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो, नवख्यांना थोडी सूट. रशोमला एका खोलीत आम्ही तिघं. तिथल्याच करी माइलवर, म्हणजे देशी हॉटेलांच्या रस्त्यावर, रात्री अकरापर्यंत भांडी घासतो. भाडं मी वाढवलं म्हणता, पण भाडं देताना घाम माझाच फुटतो.

साल्फर्डची_सून
बाळा, नंबर निरोपात पाठव. रविवारी जेवायला ये, पिठलं-भाकरी आहे. भांडण तू आल्यावर पुढे चालू.

वऱ्हाडी_बोंड
अवांतर: पिठल्याचं ठीक, पण कापसाचा रकाना अजून रिकामाच आहे.