कथेतले संवाद नाटकातल्यासारखे वाटतात, काय करू?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या फोंड्याजवळचा. एका दिवाळी अंकाकडून कथा परत आली, सोबत एकच ओळ, 'संवाद नाटकी आहेत'. लहानपणापासून जत्रेतली नाटकं बघितलीत, त्याचा परिणाम असेलही, पण खरी भानगड वेगळीय. घरात, बाजारात सगळं कोंकणी आणि लिहितो मराठीत, त्यामुळे पात्रं कागदावर आली की एकदम शाळेच्या गॅदरिंगला आल्यासारखी बोलतात. हे बघा:
"बाळा, आज पाववाला अजून आलेला नाही, त्यामुळे चहासोबत खायला घरात काही नाही."
कुणाची आई असं बोलते! सगळं कोंकणीत लिहिलं तर पुण्याच्या वाचकाला तळटीपा द्याव्या लागणार.

डिचोलीकर:
तळटीपा अजिबात नको. यात भाषेचा दोष कमी आहे हो, आई मुलाशी बोलतच नाहीये, वाचकाला माहिती पुरवतेय. तिला नुसतं "पोदेर आयलोच ना" म्हणू द्या आणि मुलगा डबा उघडून बघू दे. पोदेर म्हणजे पाववाला हे कळायला आधीच्या पानावर एकदा सायकलचा पों-पों आणि टोपलीवरचं निळं प्लास्टिक आलं की झालं.

कुळागर:
पटलं, पण एक सांभाळा. मासे विकणारी आणि ड्रायव्हर तेवढे कोंकणीत नि मास्तर शुद्ध मराठीत, असलं वाचून कंटाळा आलाय. आमचे आजोबा मराठीचे मास्तर, पेपर मराठी, आरती मराठी. १९८७ साली गोव्याचा राजभाषा कायदा झाला तेव्हा ते मराठीच्या बाजूने आणि काका कोंकणीच्या, घरात रोज खडाजंगी, पण दोघं भांडायचे कोंकणीतच!! माणूस कुठल्या क्षणी भाषा बदलतो ते बघा, संवादाची गंमत तिथे आहे.

फेरीतला:
मी रायबंदर-चोडण फेरीबोटीने रोज जातो, मोबाईल खिशात टाकून नुसतं ऐकतो. परवा एकीने दुसरीला मुलीच्या लग्नाचं विचारलं, "धुवेचें जमलें गो?" दुसरी बांगड्यांच्या महागाईवर गेली, "बांगडे कितले म्हारग जाल्यात पळय." बस्स, लग्न मोडलं हे अख्ख्या फेरीला कळलं. तुमची पात्रं विचारलेल्या प्रश्नाला लगेच सरळ उत्तर देतात का ते एकदा तपासा, माझी द्यायची, पाच वर्षं कळलंच नाही. आणि मोठ्याने वाचा, जिथे दम लागतो तिथे वाक्य खोटं असतं.

मांडवीकाठ:
रात्री बसून परत लिहिलं, बघा बरं:
"पोदेर आयलोच ना," आई म्हणाली.
त्याने डबा उघडला. तळाला दोन बिस्किटं, नरम पडलेली. त्याने झाकण लावलं.
"भूक ना म्हाका."

डिचोलीकर:
आता आली आई. फक्त 'आई म्हणाली' काढा, घरात दोघंच आहेत ना.