विझार्डचे स्लॉट संपतात म्हणजे नक्की काय संपतं?

फासेबहाद्दर: मंडळी, पहिल्यांदाच डीएम (खेळ चालवणारा) झालोय, डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांचा रोल-प्लेइंग गेम, फिफ्थ एडिशन, फरगॉटन रेल्म्स नावाच्या काल्पनिक जगात. आमचा विझार्ड (पुस्तकी जादूगार) लेव्हल ५ ला आलाय, फायरबॉल म्हणजे आगीच्या गोळ्याचा थर्ड लेव्हलचा स्पेल, दोन टाकले की थर्ड लेव्हलचे स्लॉट, म्हणजे त्या ताकदीचे स्पेल टाकायच्या दिवसाच्या संधी, खलास, आणि मग हा भांडत बसतो की फर्स्टचे ४ आणि सेकंडचे ३ पडून आहेत ना, तीच एनर्जी एकत्र करून तिसरा फायरबॉल का नाही. रूल आहे म्हटलं की तोंड पाडतो. त्या जगातलं काही कारण आहे का?

वीव्हवाला: एनर्जी त्याच्या अंगात नसतेच मुळी! कच्ची मॅजिक सगळीकडे भरलीये पण तिला कुणाला थेट हात लावता येत नाही, मधे वीव्ह आहे, मिस्त्रा देवी सांभाळते ते जाळं, मंत्र-हातवारे सगळं त्यातून ओढून घेण्यासाठी. स्लॉट म्हणजे एका झटक्यात किती ओढता येईल ते. घरातले चार ५ अँपियरचे पॉइंट जोडून गिझर लावशील का? तसंच.

डी२०काका: लॉजिक ठीक, पण २०१४ च्या डीएमजीत (डीएमसाठीच्या रूलबुकात) स्लॉटऐवजी स्पेल पॉइंट्स वापरायचा ऑप्शनल रूल आहेच की. लेव्हल ५ ला २७ पॉइंट, थर्ड लेव्हल स्पेलला ५, म्हणजे सरळ पाच फायरबॉल आणि उरलेल्या २ मध्ये एक मॅजिक मिसाईल, हा फर्स्ट लेव्हलचा स्पेल. मी मात्र देणार नाही, कारण स्लॉट मोडून पॉइंट आणि पॉइंटचे परत स्लॉट हे सॉर्सररचं (जन्मजात जादू असलेल्या दुसऱ्या क्लासचं) काम, तेही विझार्डला दिलं तर सॉर्सरर कोण घेणार?

फासेबहाद्दर: सॉर्सरर पण आहे पार्टीत 😅 आणि तो गप्प बसणाऱ्यातला नाही. पण समजा हा म्हणाला की मी जास्त जोर लावून ओढतो, तर?

वीव्हवाला: तर त्याला कार्ससची गोष्ट सांग. नेथरिल या त्या जगातल्या जुन्या जादूगार साम्राज्याचा आर्चविझार्ड, थेट तेव्हाच्या जादूच्या देवीचीच पॉवर घ्यायला गेला, ती झेपली नाही, वीव्ह गडबडली आणि नेथरिलची उडती शहरं धडाधड खाली. त्यानंतर आलेल्या मिस्त्राने टेन्थ लेव्हल आणि वरचे स्पेल बंदच करून टाकले.

डी२०काका: एवढं सगळं सोडा, आर्केन रिकव्हरी, म्हणजे वापरलेले स्लॉट परत मिळवायची विझार्डची सोय, वापरतोय का तो? दिवसातून एकदा, शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराची विश्रांती), विझार्ड लेव्हलच्या निम्मे, वर राउंड करून, एवढ्या एकूण लेव्हलचे स्लॉट परत. लेव्हल ५ ला ३ येतात, म्हणजे एक थर्ड लेव्हलचा स्लॉट परत. तासभर बसू दे की त्याला, तिसरा फायरबॉल रूलमध्येच आहे.