मराठवाड्याला वैद्यकीय संशोधनाचा वेगळा निधी हवा की नको?

मांजराकाठ (धागाकर्ता)

मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवतो. गेल्या पावसाळ्यात रात्री एक शेतमजूर आला, कापसात खुरपताना पायाला साप चावलेला. ड्युटीवरच्या रेसिडेंट मुलीनं कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं, नळी स्टँडवर ठेवली आणि २० मिनिटं तिला हात लावला नाही. मग नळी आडवी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं, म्हणजे घोणस किंवा फुरशाचं विष भिनलेलं. प्रतिविष सुरू केलं, माणूस वाचला. पहाटे चहा घेताना ती म्हणाली, "सर, नळी साबणानं धुतलेली असली तर ही चाचणी चुकते ना? मग आपल्या जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नळ्या कशानं धुतात, हे कुणी जाऊन बघितलंय का?"

इतका नेमका प्रश्न मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. तो अजून तसाच पडून आहे. केंद्रोकेंद्री फिरायला गाडी नाही, नोंदी घ्यायला माणूस नाही, नमुना किती घ्यायचा हे सांगणारा संख्याशास्त्रज्ञ नाही.

योजना नाहीत असं कुणी म्हणू नये. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. एमडी-एमएसच्या प्रबंधाला मदत मिळते. आरोग्य संशोधन विभागाच्या तरुण संशोधकांसाठी आणि करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी फेलोशिप आहेत. २००८ पासून इंडिया अलायन्सच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त उपक्रमाच्या) फेलोशिप आहेत, त्यात रुग्णसेवा सांभाळून संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळा गट आहे. पण स्पर्धा कुणाशी? वेल्लोर, चंदिगड, दिल्ली, मुंबईशी. तिथं प्रस्ताव लिहून देणारी यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. आमच्याकडं पहिला प्रस्ताव लिहिणाऱ्याला शेजारी बसून दाखवणारंही कुणी नसतं.

अनुशेष हा शब्द मराठवाड्याला शिकवायची गरज नाही. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं रस्ते, सिंचन, शाळा यांचा अनुशेष मोजला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. संशोधनाचा अनुशेष कुणी मोजलाच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आठ जिल्ह्यांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी निधीचा ठरावीक हिस्सा राखून ठेवा. स्पर्धा असू द्या, पण आपसात. विरोधात असाल तर कारण लिहा.

गोदातीर

पूर्ण विरोध. मी तुमच्याच भागातला, परभणीत शिकलो, आता पुण्यात क्लिनिकल रिसर्च करतो.

डॉ. हिम्मतराव बावस्कर आठवा. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा माणूस. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला असताना विंचू चावून माणसं डोळ्यांदेखत मरत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, फुप्फुसात भरणारं पाणी यांच्या नोंदी घेतल्या आणि रक्तदाबावरचं साधं औषध, प्राझोसिन, वापरून पाहिलं. ४० टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. 'लॅन्सेट'नं ते काम छापलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. हातात काय होतं? कागद, पेन आणि न झोपलेल्या रात्री. कुठला राखीव कोटा होता?

दुसरं, स्वतःचं सांगतो. मी मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयात होतो तेव्हा एक छोटा प्रकल्प मंजूर झाला. त्यात नमुने ठेवायला डीप फ्रीजर घ्यायचा होता. तीन कोटेशन, त्रुटी, पुन्हा कोटेशन, खरेदी समितीची बैठक पुढं ढकलली, मग मार्चअखेर. फ्रीजर आला तेव्हा अकरा महिने गेले होते आणि प्रकल्प होता अठरा महिन्यांचा. उरलेले पैसे परत गेले. त्या वर्षी आम्हाला पैसे कमी पडले नाहीत, ते खर्च करता आले नाहीत. तुम्ही आणखी पैसे मागताय. आधी जे येतात ते वापरायला शिका, मग हिस्सा मागा.

आणि राखीव निधीत प्रस्ताव आपसातच तपासले जातील. एकमेकांचे थिसिस पास करतो तसे. ते मला नको आहे.

रात्रपाळी

मी मेडिसिनला दुसऱ्या वर्षाला आहे. (धाग्यातली नळीवाली मी नाही, पण ती मी असू शकले असते.)

बावस्कर सरांबद्दल अतोनात आदर आहे. पण एखादा माणूस काट्यातून वाट काढून गेला म्हणून सगळ्यांनी काट्यातूनच जावं, हे धोरण होत नाही. त्यांच्यासारखे आणखी किती जण बिरवाडीसारख्या केंद्रांत थकून गप्प बसले, ते कुठल्या जर्नलमध्ये छापून येणार?

आता प्रशिक्षणाचं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा ऑनलाइन कोर्स आम्हाला सक्तीचा आहे. कोर्स चांगला आहे, मनापासून सांगते. केस-कंट्रोल आणि कोहॉर्ट या अभ्यासाच्या दोन पद्धतींतला फरक मला पहिल्यांदा तिथं नीट कळला. पण मी तो ३६ तासांच्या ड्युटीनंतर, मोबाइलवर, दीडपट वेगानं बघितला. परीक्षा पास झाले. नंतर माझ्या स्वतःच्या थिसिसचा मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या नोंदींचा तक्ता) उघडला, तर १४० पैकी ३१ केसपेपरांवर साप कधी चावला ती वेळच लिहिलेली नव्हती. काय करायचं, कुणाला विचारायचं? गाइड सरांकडं शंभर रुग्णांची ओपीडी. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) मॅडमकडं सगळ्या विभागांचे रेसिडेंट रांगेत.

पैसा नको असं मी म्हणत नाही. पण मला निवडायला सांगितलं तर मी आठवड्यातला अर्धा दिवस मागेन, ज्या दिवशी वॉर्डातून फोन येणार नाही. फेलोशिपची जाहिरात आमच्या बोर्डवर लागते तेव्हा शेवटच्या तारखेला चार दिवस राहिलेले असतात, आणि त्या चार दिवसांत दोन माझ्या इमर्जन्सी.

बालाघाटची लेक

मी डॉक्टर नाही. धाराशिव जिल्ह्यातली आहे, शिक्षिका आहे. तुम्ही सगळे संशोधन करणाऱ्यांच्या बाजूनं बोलायलेत, मी ज्यांच्यावर संशोधन झालं त्यांच्या बाजूनं बोलते.

१९९९ ला आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया. गावांचे ५२ गट केले. काही गटांत एचपीव्हीची (हा कर्करोग ज्यानं होतो त्या विषाणूची) चाचणी, काहींत पेशींची, काहींत नुसतं व्हिनेगर लावून बघायचं, आणि काही गटांत तपासणी नाही, फक्त माहिती. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गावांत या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभर या अभ्यासाचा दाखला देतात.

माझी आई त्यात होती. तिच्या गावात जीप यायची. आधी बाया लाजून शेतातून मागच्या वाटेनं निघून जायच्या. मग जीपमधली ताई ओट्यावर बसून त्यांच्याबरोबर भाकरी खायची, सुनेची चौकशी करायची, आणि तिसऱ्या खेपेला बाया आपणहून यायच्या. आई अजून त्या ताईचं नाव घेते. मावशीचं गाव मात्र नुसत्या माहितीच्या गटात पडलं. मावशीला काही झालं नाही, देवाची कृपा. पण "आम्हाला का नाही तपासलं?" हे ती आजही विचारते आणि मला उत्तर देता येत नाही.

पैसा गेट्स फाउंडेशनचा होता, मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि फ्रान्समधली लिऑनची कर्करोग संशोधन संस्था होती, हे मला नंतर वाचून कळलं. पण ते काम उभं राहिलं बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या जोरावर. तिथं ग्रामीण भागातली कर्करोगाची नोंदणी १९८७ पासून चालू होती. बार्शीबरोबर परंडा आणि भूमही त्यात. बारा वर्षं गावोगाव फिरून नाव लिहिणारी माणसं आधी होती, म्हणून बाहेरचा पैसा टिकला. गोदातीर, तुमचा फ्रीजर अकरा महिन्यांनी आला, कारण तुमच्याकडं तशी माणसं नव्हती. आणि मांजराकाठ सर, तुम्ही हिस्सा मागताय तो महाविद्यालयांसाठी. गावांसाठी काय मागताय?

लेखाशाखा

खरेदीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी एका महाविद्यालयात संशोधन प्रकल्पांचे हिशेब बघतो, १४ वर्षं झाली.

डॉक्टर लोक आमच्या नावानं बोटं मोडतात. गोदातीर यांना आलेला अनुभव खरा असणार, मी तसे पाहिलेत. पण टेबलाच्या या बाजूनं बघा. प्रकल्पाचा पैसा हप्त्यानं येतो. वर्ष संपलं की खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे जीएफआर १२-ए, पाठवावं लागतं. ते गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही. पगार, यंत्रं, किरकोळ खर्च, प्रवास असे वेगवेगळे हेड असतात. यंत्राच्या हेडचे पैसे प्रवासाला वापरता येत नाहीत, परवानगी लागते. हे प्रस्ताव लिहितानाच डॉक्टरांना माहीत पाहिजे. माझ्याकडं ते माहिती घ्यायला येतात प्रकल्प मंजूर झाल्यावर, तेव्हा बजेट कुलूपबंद झालेलं असतं.

आरोग्य संशोधन विभागानं सरकारी महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन युनिट उभारायची योजना आणली, तेव्हा मूळ आराखड्यात यंत्रांना ५ कोटी आणि बांधकामाला २५ लाख होते. यंत्रं विकत मिळतात. ती चालवणारा तंत्रज्ञ कंत्राटी असतो, दरवर्षी मुदतवाढीचा कागद फिरतो, आणि शिकून तयार झाला की चांगल्या पगारावर निघून जातो. पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टरांची प्रशिक्षणं खूप होतात. माझ्या १४ वर्षांत हिशेबनिसासाठी एकही झालं नाही. वेगळा निधी मिळाला तर त्यातून आधी एक कायम माणूस द्या, फक्त प्रकल्पांचा.

गोदातीर

लेखाशाखा, मी तुमच्यावर राग काढला नव्हता, पण तो तसा वाचला गेला असेल तर माफ करा. तुम्ही लिहिलंत तेच मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

बालाघाटची लेक, तुमचं म्हणणं मान्य. पण त्यातूनच माझा मुद्दा पक्का होतो. बार्शीला निधी 'राखीव' म्हणून नाही मिळाला, काम दिसलं म्हणून मिळाला.

मांजराकाठ

आणि बार्शीनं ती पहिली बारा वर्षं कशावर काढली? कुणीतरी काम दिसायच्या आधी पैसे टाकलेच ना. मी त्याच पैशांबद्दल बोलतोय. झाड लावायला पाणी मागतोय, तर तुम्ही म्हणता आधी फळ दाखव.

बाईंचा प्रश्न मात्र मला लागला. गावांसाठी काय, याचा मी विचार केलाच नव्हता. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तेव्हा वर्तमानपत्रं भरून गेली होती. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याच्या वयाचे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. त्या बाया आता चाळिशीत आहेत. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात. त्यांच्या हाडांचं, मणक्याचं, रक्तदाबाचं दहा वर्षं लक्ष ठेवून काय होतं ते बघायला कोण येणार? दिल्लीहून? हे आमच्या मुलांनी करायला पाहिजे, आणि ते दोन महिन्यांच्या स्टुडंटशिपमध्ये होत नाही.

गोदातीर

दहा वर्षांचा पाठपुरावा. इथं मी थांबतो. तीन वर्षांच्या साध्या प्रकल्पात हे बसत नाही आणि खुल्या स्पर्धेत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला एवढा मोठा प्रकल्प कुणी देणार नाही. या एका कामासाठी राखून ठेवलेला पैसा मला पटतो. सरसकट हिस्सा अजूनही नाही. आणि प्रस्ताव बाहेरच्या लोकांनीच तपासायचे, ही अट राहील.

रात्रपाळी

त्या बाया सहा महिने गावात नसतात ना? मग पाठपुरावा कसा करायचा? कारखान्यावर जाऊन?

लेखाशाखा

जावंच लागेल. कुठली टोळी कुठल्या कारखान्यावर, ते मुकादमाला माहीत असतं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, कुठंही. म्हणून प्रवासाचं हेड पहिल्याच दिवशी मोठं धरा. ते नंतर वाढवून मिळत नाही.

बालाघाटची लेक

आणि पहिली नोंद घ्यायची असेल तर दसऱ्याच्या आत गावात या. नंतर कोयते (ऊसतोड जोडपी) निघतात, घरात म्हातारी माणसं आणि लेकरंच उरतात. नोंदवही घेऊन फिरायला आमच्या तालुक्यात माणसं आहेत. आधी शिकवा मात्र, आणि ओट्यावर बसून भाकरी खायची तयारी ठेवून या.