शब्दचर्चा : लोकरीवरची ‘रंगबंधक प्रक्रिया’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (धुळे) : हातमाग शिकणाऱ्या मुलींसाठी टिपण लिहिते आहे. लोकर रंगवण्याआधी तिच्यावर जे जे करतात, त्या सगळ्याला ‘रंगबंधक प्रक्रिया’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर (साक्री) : नका म्हणू, ताई. रंग चढणं वेगळं, धरणं वेगळं. आमच्याकडे ठेलारींची (मेंढपाळांची) कच्ची लोकर नुसती भिजवून रंगात टाकली, तर म्हातारी माणसं लगेच म्हणतात, ‘या लोकरले रंग बसत नही.’ कारण ती ओशट असते. रिठ्याच्या कोमट पाण्यात ती धुतली की मेण जातं, पाणी आत शिरतं. हे झालं ‘धुणं’. त्यात रंग बांधला जात नाही. सोडा मात्र वापरू नका, लोकर खराब होते.

रंगबंधक म्हणजे तुरटी. किलोभर सुक्या लोकरीला साधारण 150 ग्रॅम पुरते. तुरटीतला ॲल्युमिनियम एका बाजूने तंतूला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला जुळतो, म्हणून रंग धुतल्यावर सुटत नाही. हिराकस (लोखंडाचा क्षार) हाही रंगबंधकच, पण त्याने रंग काळपट होतो. पाणी हळूहळू तापवा, घाई केली आणि ढवळत राहिलात तर लोकर आळून तिचा नमदा (एकमेकांत गुंतलेला घट्ट थर) होतो.

उत्तर (जळगाव) : टिपणात गिरण्यांतली क्लोरीनची प्रक्रियाही घ्या. लोकरीच्या तंतूवर खवले असतात आणि त्यांच्यावर पाणी न धरणारा स्निग्ध पदार्थांचा अगदी पातळ थर. क्लोरीनने तो थर निघतो, खवले झिजतात, रंग भराभर आत जातो. पण ज्या वाटेने तो लवकर आत गेला त्याच वाटेने ओल्या धुण्यात बाहेरही येऊ शकतो, म्हणून अशा लोकरीला जास्त पक्के रंग निवडावे लागतात. क्लोरीनमुळे सांडपाणीही दूषित होतं, म्हणून प्लाझ्मा (विजेने भारलेला वायू) आणि एंझाइमचे पर्याय पुढे आले. या सगळ्याला मी ‘पृष्ठसंस्कार’ म्हणतो. ‘बंधक’ इथे साफ चुकीचा, कारण यात रंग बांधणारं काहीच नाही.

प्रश्नकर्ती : म्हणजे टिपणात तीन मथळे करते : धुणं, पृष्ठसंस्कार, रंगबंधन.

उत्तर (साक्री) : उत्तम. तुरटी कधी घालायची तेही लिहा. रंगाआधी घातली तर रंग सारखा येतो असा माझा अनुभव.